साखर उतरते तेव्हा

चातुर्मासात घरोघरी चौविहाराचे नियम घेतले जातात. सायंकाळचे जेवण साडेसहापर्यंत आटोपते आणि दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत, मुखात पाण्याचा थेंबही जात नाही. बारा-साडेबारा तासांचा हा खंड निरोगी माणसाला सहज मानवतो. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींची गोष्ट मात्र निराळी. पोट रिकामे असले तरी औषध आपले काम करीतच राहते.

रक्तशर्करा ७०च्या खाली गेली की यकृतातील साठा मोकळा करण्यासाठी शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडते. हात थरथरतात, घाम फुटतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. आत जे घडते ते दिसत नाही. हृदयाची गती वाढते, रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटू लागतात, रक्त गोठण्याकडे झुकते. रक्तवाहिनीचे नाजूक अस्तर एरवी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून वाहिनी सैल ठेवते. त्याचेही कार्य मंदावते. वर्षानुवर्षांच्या वाढीव साखरेने कठीण झालेल्या वाहिनीवर हा नवा आघात होतो. साखर वारंवार उतरू लागली तर पुढे पुढे घाम, थरथर ही धोक्याची सूचनाही मिळेनाशी होते.

‘साखर जितकी कमी तितकी बरी’ हा समज अमेरिका-कॅनडातील ‘अ‍ॅकॉर्ड’ अभ्यासाने डळमळीत केला. १०,२५१ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे एचबीए१सी ६ टक्क्यांखाली आणण्याचा कसोशीचा प्रयत्न झाला. त्या गटात २५७, तर दुसऱ्या गटात २०३ मृत्यू झाल्याने २००८ मध्ये तो कडक उपचार थांबवावा लागला. उतरलेली साखर हेच मृत्यूंचे कारण, असे सिद्ध झाले नाही. परंतु साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रसंग त्या गटात सुमारे तिप्पट होते.

नियम मोडेल या भयाने अनेक वडीलधारी मंडळी घाम पुसत पहाटेची वाट पाहतात. वास्तविक पच्चक्खाणातच ‘सव्वसमाहिवत्तिया’ हा आगार आहे. तीव्र व्याधीत औषध घेण्याची मुभा सूत्रकारांनीच ठेवली आहे. त्याआधीचा मार्ग अधिक सोपा: नियम घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून सायंकाळच्या औषधाची मात्रा ठरवून घ्यावी.

साखर उतरलीच तर तीन-चार लहान चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावे व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा देऊ नये. स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. ग्लिमेपिराइडचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो, म्हणून बरे वाटले तरी त्या रात्री घरातील कोणीतरी जागे राहावे.