इंटरनेट लागत नाही तेव्हा

मैत्रिणींनो, गटाच्या जुन्या कॉम्प्युटरवर फोनच्या तारेने इंटरनेट लावताना पडद्यावर एखादा आकडा आला, तर घाबरून बंद करू नका. आधी तो कागदावर लिहून घ्या. यवतमाळहून मेकॅनिक बोलवायचा तर दिवस मोडतो, आणि मुलीच्या फॉर्मची तारीख काही थांबत नाही.

६८० म्हणजे डायल टोन नाही. फोन उचलून कानाला लावा. आवाज नसेल तर बिघाड लाइनमध्ये आहे, कॉम्प्युटरला दोष देऊ नका. आवाज असेल तर मोडेमची तार बघा. ती ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेत हवी. झाडपूस करताना निघाली की हटकून शेजारच्या ‘फोन’च्या खाचेत बसवली जाते. ६७६ म्हणजे पलीकडचा नंबर गुंतलेला, थोड्या वेळाने लावा. ६९१ आला तर नाव किंवा पासवर्ड चुकला. बरेचदा कॅप्स लॉकचं बटण दाबलेलं असतं.

लागून मध्येच तुटत असेल तर घरात विचारा, दुसऱ्या खोलीतला फोन कोणी उचलला? आमच्याकडे सासूबाई उचलायच्या!

आणि मृगाचं आभाळ भरून आलं, की फोनची तारही मोडेममधून काढून ठेवा. वीज त्या तारेतूनही येते, नुसता स्विच बंद करून भागत नाही.