जुन्या चित्रकथांची पारख

छंद हा मनुष्याच्या फावल्या वेळेचा सोबती होय. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी नाणीं, कोणी काड्यापेट्यांवरील चित्रें. आमच्या घाटकोपरांतील कांहीं विद्यार्थ्यांत आणखी एक छंद मूळ धरूं लागला आहे. तो म्हणजे जुन्या चित्रकथा, ज्यांस सर्वत्र ‘कॉमिक्स’ म्हणतात, त्या जमविण्याचा. घरांतील माळा आवरतांना वडिलांच्या बालपणींचा एखादा गठ्ठा निघतो आणि मुलें विचारतात, “ह्यांतला मोलाचा अंक कोणता?” त्याच गठ्ठ्यावर रद्दीवाल्याचाही डोळा असतो. म्हणून ह्या प्रश्नाचें उत्तर वेळेवर ठाऊक असलेलें बरें.

प्रथम हे अंक आपल्याकडे कसे आले तें पाहूं. टाइम्स ऑफ इंडिया समूहानें मार्च १९६४ मध्यें मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली. तिचा पहिला नायक ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाचा ‘फँटम’. मराठी वाचकांस तो ‘वेताळ’ ह्या नांवानें परिचित झाला. पहिले ३२ अंक त्याच्याच कथांचे होते. पुढें जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली, आणि डिसेंबर १९७६ मध्यें आबिद सुरती ह्यांनीं निर्मिलेला ‘बहादुर’ हा भारतीय नायक अवतरला. ही माला १९९० सालीं बंद पडली. दरम्यान १९६७ मध्यें अनंत पै ह्यांनीं इंडिया बुक हाउसतर्फे ‘अमर चित्र कथा’ आरंभिली. राम वाईरकर, प्रताप मुळीक ह्यांसारख्या चित्रकारांच्या कुंचल्यानें ती घरोघरीं पोहोंचली.

आतां मोल कशानें ठरतें? अंक जुना असला म्हणजे तो मोलाचा, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी. मोल चार गोष्टींवर अवलंबून असतें : दुर्मिळता, मागणी, मुद्रणाचा क्रम आणि अंकाची स्थिति.

दुर्मिळतेचें उदाहरण पाहा. अमेरिकेंत १९३८ सालीं ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १० सेंटांस विकला जात असे. सुपरमॅन प्रथम त्यांतच अवतरला. मुलांनीं तो वाचला, फाडला, टाकून दिला. दुसऱ्या महायुद्धांत कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हां अशा असंख्य अंकांचा लगदा झाला. म्हणूनच उरलेल्या थोड्या प्रतींपैकीं एक २०२४ सालीं ६० लाख डॉलरांस विकली गेली. ह्याच्या उलट १९९१ मधील ‘एक्स-मेन’च्या नव्या मालेचा पहिला अंक. त्याच्या सुमारें ८० लाख प्रती निघाल्या, आणि पुढें भाव येईल ह्या आशेनें लोकांनीं त्या पेट्यांत जपून ठेविल्या. सर्वांनींच जपल्यामुळें तो आजही स्वस्तांत मिळतो. जें सर्वांनीं टाकलें तें दुर्मिळ होतें. जें सर्वांनीं सांठविलें तें विपुल राहतें.

परंतु दुर्मिळता एकटी पुरत नाहीं. ती वस्तु हवी असणारा कोणी तरी पाहिजे. इंद्रजालच्या अंकांस आज गिऱ्हाईक आहे तें मुख्यत्वें बालपणीं ते वाचलेल्या प्रौढांचें. ते मालेचे आरंभींचे अंक आणि एखाद्या नायकाच्या पहिल्या कथेचा अंक अगोदर शोधतात. शिवाय विक्रेता सांगतो ती किंमत नव्हे. घेणारानें खरोखर मोजली ती किंमत, हें विसरूं नये.

तिसरी गोष्ट मुद्रणाचा क्रम. अमर चित्र कथेचीं पुस्तकें पुनःपुन्हां छापलीं गेलीं, म्हणून केवळ नांव पाहून निर्णय करूं नये. ‘कृष्ण’ ह्या पुस्तकाचा जुन्या मालेंतील क्रमांक ११ होता. पुढील काळच्या आवृत्तींत त्यावर ५०१ हा आंकडा आला. तेव्हां ५०१ क्रमांकाची प्रत घेऊन कोणी ‘पहिली आवृत्ति’ म्हणूं लागला, तर ती तशी नव्हे हें उघड आहे. छापील किंमत व प्रकाशकाचा पत्ता पाहावा. मलपृष्ठावर इतर पुस्तकांची यादी असल्यास तीही वाचावी. हातांतील पुस्तकानंतर निघालेलीं नांवें तींत असतील, तर ती प्रत मागाहून छापलेली. इंद्रजालच्या बाबतींत एक मौज ध्यानांत ठेवावी : छापखान्यांतील संपामुळें १२३ व १२४ ह्या क्रमांकांचे अंक निघालेच नाहींत. ते आपल्या संग्रहांत नसल्यास खेद करण्याचें कारण नाहीं.

चौथी गोष्ट स्थिति. प्रथम पानें मोजावीं. मधलें पान पुष्कळदां तारेंतून निसटलेलें असतें. मुखपृष्ठ, कडा, तारेचा गंज, वाचनालयाचा शिक्का, पेन्सिलीनें सोडविलेलें कोडें, हें सर्व पाहावें. अमेरिकेंत अशा अंकांस परीक्षेप्रमाणें दहांपैकीं गुण देण्याची पद्धत आहे, आणि एका गुणाच्या फरकानें किंमत कित्येक पट बदलते. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये; तिचा डिंक कालांतरानें पिवळा पडून कागद खातो.

जतन करण्याविषयीं आमच्या मुंबईकरांस विशेष जपावें लागतें. हे अंक लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या कागदावर छापलेले. ऊन व हवा लागतांच तो पिवळा व ठिसूळ होतो, आणि पावसाळ्यांतील दमटपणानें बुरशी व कसर लागते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळीं तळमजल्यावरील घरांतील कपाटेंच्या कपाटें भिजलीं. म्हणून अंक जमिनीपासून उंच, भिंतीस न टेकवितां, कोरड्या पेटींत उभे ठेवावे, आणि पावसाळा संपतांच सावलींत वारा द्यावा.

आतां दोन शब्द व्यवहाराविषयीं. रद्दीचा कांटा वजन जाणतो, मोल जाणत नाहीं. म्हणून पालकांनीं गठ्ठा देण्यापूर्वीं घरांतील सर्वांस एकवार विचारावें. मुलांनींही वडिलांचा अंक त्यांच्या अनुमतीवांचून विकूं वा बदलूं नये. आणि ज्यास ही पारख आली, त्यानें तिचा उपयोग धाकट्या मुलास फसविण्यासाठीं करूं नये. एका पेनाच्या मोबदल्यांत चौथीच्या मुलाकडून मोलाचा अंक उपटणारा विद्यार्थी हुशार ठरत नाहीं. ज्ञान नसलेल्यापासून घेतलेली वस्तु चोरीच्या वस्तूहून फारशी निराळी नसते.

बहुतेक अंकांस मोठी किंमत येणार नाहीं, हेंही सांगून ठेवितों. तरी पण येत्या सुटींत प्रत्येकानें एक वही घालावी. तींत अंकाचा क्रमांक, नांव, भाषा, वर्ष, स्थिति आणि तो कोणापासून मिळाला हें लिहावें. शेवटचा रकाना भरण्यासाठीं आईवडिलांजवळ बसून विचारावें लागेल, आणि त्या निमित्तानें त्यांचें बालपण तुम्हांस ऐकावयास मिळेल. विद्यार्थी मित्रांनो, तो रकाना रिकामा ठेवूं नका.