उज्जैनचा खांब आणि तीन संघ

मल्लखांबाच्या सांघिक स्पर्धेत दोन संघ एकाच आखाड्यात उतरले, तरी त्यांची अंगाला अंग भिडवून झुंज होत नाही. बास्केटबॉलच्या बाद फेरीत समोरच्या संघाचा हुकमी खेळाडू दोघांनी घेरून निष्प्रभ करता येतो, कबड्डीत चढाईला आलेल्याचा घोटा धरता येतो. मल्लखांबात मात्र प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचा कोणताही मार्ग नाही. प्रत्येक खेळाडू सुमारे दीड मिनिटात आपला संच, म्हणजे उड्या, पकडी, आसने आणि तोल यांची सलग गुंफण, सादर करतो, पंच त्याचे काठिण्य, रचना आणि सफाई पाहून गुण देतात आणि या गुणांच्या बेरजेवर संघाचे स्थान ठरते. त्यामुळे येथे संघाची पारख त्याच्या सर्वोत्तम खेळाडूपेक्षा त्याच्या सर्वांत कच्च्या खेळाडूवरून करणे अधिक योग्य ठरते.

अशी पारख करण्यास उज्जैनइतके सोयीचे दुसरे गाव नाही. मल्लखांब महासंघाची उभारणी 1981 मध्ये याच नगरीतून झाली, मध्य प्रदेश शासनाने 2013 मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ घोषित केले, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांमधील मल्लखांब येथेच रंगला. त्या स्पर्धांत सर्व खेळ मिळून महाराष्ट्र 161 पदकांसह पहिला आला आणि यजमान मध्य प्रदेश 39 सुवर्णपदकांसह तिसरा. मल्लखांबापुरते पाहिले तर या दोन राज्यांची चुरस जुनी आहे, आणि ती एकाच घरातल्या दोन शाखांची आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले, पेशवाई बुडाल्यावर ती पेशव्यांबरोबर ब्रह्मावर्तास गेली आणि पुढे शिंदे-होळकरांच्या माळव्यात रुजली. 1810 पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेल्या उज्जैनला हा खेळ कधी परका वाटलाच नाही.

संघांची तुलना करण्यापूर्वी साधनांचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. पुरलेला मल्लखांब हा जमिनीत घट्ट रोवलेला, सुमारे अडीच मीटर उंचीचा लाकडी खांब असतो. तो बुंध्याशी जाड, वर निमुळता होत गेलेला आणि अरुंद मानेवर बोंड असलेला असतो, आणि त्यावर एरंडेल तेल लावतात. टांगता मल्लखांब आखूड असून साखळीला लोंबत असल्याने खेळाडूच्या प्रत्येक हालचालीबरोबर झुलतो आणि फिरतो, म्हणून तेथे बळापेक्षा संयम अधिक लागतो. दोरीच्या मल्लखांबात खेळाडू पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी पकडून वर चढतो आणि गाठ न मारता, केवळ वेढ्यांच्या आधारावर, हवेत आसने स्थिर करतो. एका साधनावर मिळवलेली आघाडी दुसऱ्यावर सहज गमावता येते, आणि मोठे संघ नेमके तेथेच घसरतात.

महाराष्ट्राचे बळ विस्तारात आहे. दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अशा शतकाच्या घरात पोहोचलेल्या किंवा ते ओलांडलेल्या संस्थांतून मुले-मुली सतत घडत असतात. समर्थचे उदय देशपांडे यांना 2024 मध्ये मिळालेली पद्मश्री आणि 2019 मध्ये मुंबईत भरलेली पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा यांतून त्या परंपरेची पोच दिसते. मुलींचा दोरीचा मल्लखांब तर मुंबईने फार आस्थेने जोपासला. एक खेळाडू जायबंदी झाला तरी त्याची जागा घेणारा मिळतो, ही या विस्ताराची देणगी. परंतु निरनिराळ्या आखाड्यांत वाढलेल्या खेळाडूंची वळणे निरनिराळी असतात, आणि निवड झाल्यानंतरच्या थोड्या सरावात त्यांना एका तालावर आणणे हे प्रशिक्षकापुढचे खरे कोडे असते.

उज्जैनचे बळ याच्या उलट आहे. येथील योगेश मालवीय यांना 2020 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. लहानपणापासून त्याच गुरूच्या नजरेखाली, त्याच खांबावर सराव केलेल्या मुलांच्या संचात एकसारखी सफाई येते. टाच, गुडघा आणि बोटांचे टोक एका रेषेत राहते, आणि पंचांची कपात त्यामुळेच कमी होते. मात्र राज्याचा संघ मोठ्या प्रमाणावर एका गावाच्या आखाड्यांवर उभा राहिला, तर त्या गावातील एखादी पिढी कमकुवत निघताच सारा संघ खाली येण्याचा धोका राहतो. राज्य शासनाचे पाठबळ ही उणीव भरून काढू शकते, पण त्यासाठी इतर जिल्ह्यांत गुरू तयार व्हावे लागतात, आणि गुरू तयार होण्यास खेळाडू तयार होण्याहून अधिक वर्षे लागतात.

या जुन्या चुरशीत छत्तीसगडने नवा रंग भरला आहे. नारायणपूर जिल्ह्यातील अबूझमाडच्या आदिवासी मुलांना विशेष कृती दलातील जवान मनोज प्रसाद यांनी मल्लखांब शिकवला, आणि 2023 मध्ये त्यांच्या चमूने दूरचित्रवाणीवरील ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा जिंकून देशाचे लक्ष वेधले. त्यांच्या उड्यांतील धीटपणा पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते. तथापि रंगमंचावरील मनोरे आणि पंचांपुढचा एकट्याचा संच या भिन्न गोष्टी आहेत: मनोऱ्यात दहा जणांचा तोल एकमेकांना सावरतो, तर संचात खेळाडू एकटा असतो, आणि खांबावरून अखेरची उडी घेऊन जमिनीवर उतरताना पाऊल वीतभर सरकले तरी संघाच्या बेरजेतून गुण वजा होतात.