काकू, जरा भिंत ठोकून बघू का?

सेकंड इयरला बिल्डिंग कन्स्ट्रक्शन हा विषय झाला की सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक आजार जडतो. कुठेही गेलं तरी तो माणसांकडे न बघता भिंतींकडे बघतो. लग्नाच्या हॉलमध्ये जेवताना बीमला गेलेली चीर शोधतो, हॉटेलात बसल्यावर टाइल्सची लेव्हल बघतो. मलाही हा आजार झाला होता, आणि त्या भरात मी माझ्या सख्ख्या काकाचा सौदा मोडला. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं ही नम्र विनंती!)

तर झालं असं. काका कोथरूडला रीसेलचा टू बीएचके शोधत होता. "घरात इंजिनियर असताना बाहेरचा कशाला?" असं म्हणून तो मला बरोबर घेऊन गेला. आपली तर कॉलर एकदम टाइट! घर एका रिटायर्ड जोडप्याचं होतं. काकू आत चहा टाकत होत्या. मी पर्समधून रुपयाचं नाणं काढलं आणि कोणालाही न विचारता हॉलच्या भिंतीवर टक टक सुरू केली. एका जागी आवाज बदलला. मी तिथूनच ओरडले, "काका, ही अख्खी भिंत पोकळ आहे!" मग बेडरूममध्ये जाऊन पलंगामागची ओल सगळ्यांना दाखवली. बाथरूमचं दार धाडकन उघडलं तर आत त्यांचे कपडे वाळत घातलेले. चहा मिळाला, पण काकू नंतर एक शब्द बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी एजंटचा फोन आला, "पार्टी नको म्हणतेय." काका किंमत वाढवायलाही तयार होता, तरी नाहीच.

आता गंमत ऐका. भिंत पोकळ वगैरे काही नव्हती. थोड्या भागातलं प्लास्टर विटेपासून सुटलं होतं, एवढंच. तेवढा तुकडा काढून पुन्हा प्लास्टर केलं की काम झालं असतं. म्हणजे मी उद्धटही होते आणि वर चुकीचीही होते. शाळेत सिस्टरनी थँक्यू, सॉरी, एक्सक्यूज मी सगळं घोटून घेतलं होतं. पण दुसऱ्याचं घर तपासायचं कसं, हे ना शाळेने शिकवलं ना आमच्या सिलॅबसने. म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज काढून टाकू. घर नीट तपासणं हा घरमालकाचा अपमान नाही. उलट कायद्यालाच ते अपेक्षित आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याचं कलम ५५ सांगतं की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे पण घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊन बघितलं तरी त्याच्या लक्षात येणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. म्हणजे साधारण काळजी घेऊन जे दिसतं ते घेणाऱ्याने स्वतः डोळे उघडे ठेवून बघायचं, आणि जे दिसत नाही ते विकणाऱ्याने तोंड उघडून सांगायचं. दोघांनाही काम दिलंय!

अमेरिकेत घर घेताना 'होम इन्स्पेक्शन' हा एक वेगळा टप्पाच असतो. इन्स्पेक्टर येतो, त्याची फी सहसा घेणारा देतो आणि मालक बहुधा तेवढा वेळ बाहेर जातो. आपल्याकडे असं नसतं. मालक समोर सोफ्यावर बसलेला असतो, त्याची आई आत पोथी वाचत असते, कुकरची शिट्टी होत असते आणि आपण त्याच्या संसारात उभं राहून भिंतीवर टकटक करत असतो. लोनसाठी बँकेचा व्हॅल्युअर येतो, पण तो बँकेसाठी किंमत काढतो. तुमच्या नळाला पाणी येतं का, हे बघायला तो आलेला नसतो. म्हणजे तपासणी आपल्यालाच करायची आहे, आणि ती माणसांच्या देखत. म्हणून तिच्या रीतीभाती माहीत हव्यात.

१. वेळ विचारून जा, आणि योग्य वेळ मागा. ट्यूबलाइटमध्ये ओल दिसत नाही, म्हणून दिवसा जा. पावसाळ्यात एकदा तरी जा. पाण्याच्या वेळेत येऊ का, असं सरळ विचारा. नळाचं प्रेशर तेव्हाच कळतं. आणि वरात नेऊ नका. पहिल्या भेटीला दोघं-तिघं पुरे. आत्या, मावशी आणि वास्तुशास्त्रवाले मामा यांना नंतर आणा.

२. हात लावण्याआधी विचारा. "काकू, जरा भिंत ठोकून बघू का?" हे एवढं एक वाक्य मी त्या दिवशी म्हटलं असतं तर आज काका कोथरूडला राहत असता. बोटाच्या पेराने हळू वाजवलं तरी पुरतं, नाण्याची गरज नाही. भरीव आवाज आला तर ठीक. डबडब आवाज आला तर प्लास्टर किंवा टाइल मागून सुटलीय एवढाच त्याचा अर्थ. बंद कपाट, फ्रीज, देवघर यांना हात नाही. ओट्याखालचं पाइपिंग बघायचं असेल तर मालकालाच दार उघडू द्या.

३. बाथरूममध्ये एक तांब्या पाणी. परवानगी घेऊन नहाणी ट्रॅपच्या विरुद्ध कोपऱ्यात पाणी ओता. ते आपणहून ट्रॅपकडे गेलं तर उतार बरोबर आहे. तिथेच साचलं तर ते पाणी रोज साचतंय, आणि कधीतरी खालच्या मजल्यावर पोचणार आहे. झाल्यावर तिथला वायपर मारून या. अर्ध्या मिनिटाचं काम, पण लोक लक्षात ठेवतात.

४. इलेक्ट्रिकचा बोर्ड जपून. शॉक लागू नये म्हणून जो ब्रेकर असतो, त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर लाइट गेली पाहिजे, गेली नाही तर तो ब्रेकर शोभेचा आहे. पण लाइट जाणार हे आधी सांगा! आत कोणाची ऑनलाइन परीक्षा चालू असेल.

५. कुठल्या चिरेला घाबरायचं ते आधी शिका. केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या चिरा बहुतेक वेळा प्लास्टरच्याच असतात. खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली रुंद चीर मात्र इंजिनियरला दाखवावी. आणि कॉलम, बीम किंवा स्लॅबमध्ये सळईच्या रेषेत चीर असेल, वर तांबूस डाग असेल, तर आतली सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो वरचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. ही गोष्ट रंगाने झाकली जाते, थांबत नाही.

६. मोठी टेस्ट असेल तर लेखी परवानगी. काँक्रीटवर रिबाउंड हॅमर मारायचा तर त्या जागेचं प्लास्टर काढावं लागतं. मालकाची हो हवीच, पण कॉलम हा काही एका फ्लॅटचा नसतो, तो अख्ख्या बिल्डिंगचा असतो, म्हणून सोसायटीलाही विचारा. आणि काढलेलं प्लास्टर आपल्या खर्चाने भरून द्या, मग घर घ्या अथवा नका घेऊ. त्याआधी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आहे का ते विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या बिल्डिंगचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. रिपोर्ट मागण्यात काहीच उद्धटपणा नाही.

७. निकाल घरात वाचायचा नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. जे दिसलं ते वहीत लिहा, खाली उतरा, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्या आणि तिथे काय बोलायचं ते बोला. फोटो हवेत तर विचारून काढा, आणि ते फॅमिली ग्रुपवर 'बघा काय अवस्था' असं लिहून टाकू नका.

नव्या फ्लॅटचं गणित वेगळं. तिथे समोर काकू नसतात, बिल्डर असतो. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरचा किंवा कामाचा दोष त्याला दाखवून दिला तर त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तिथे खुशाल मोठ्याने बोला, पण लेखी.

हे सात नियम मी काही पुस्तकातून घेतले नाहीत. गेल्या पावसाळ्यात आजीचा डोंबिवलीचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा मी पहिल्यांदा सोफ्याच्या पलीकडे बसले होते. पहिली पार्टी आली ती सात जणांची. त्यातल्या एकाने चपला काढल्या नाहीत. एकीने आजीचं कपाट उघडून बघितलं. किचनमध्ये एक जण म्हणाला, "हा कडप्पा वगैरे सगळं तोडून टाकायचं, जुनाट आहे." आजी दारातच उभी होती. १९९१ साली आजोबांनी तो कडप्पा स्वतः जाऊन निवडला होता. त्या रात्री आजी नुसता दूधभात खाऊन झोपली. मला कोथरूडच्या काकू आठवल्या आणि झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड झाली. आजीच्या बाथरूमला लीकेज होतं. पॅसेजच्या भिंतीवर ओलीचा मोठा डाग होता. मामा म्हणाला, "पुट्टी भरून एक हात रंग मारून टाकू. कोणाला कळतंय?" मग माझ्याकडे वळून, "काय गं इंजिनियर, किती दिवस टिकेल?" मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, "सौदा होईपर्यंत टिकेल." म्हणाले आणि माझीच मला लाज वाटली. कलम ५५ मी मामाला तेव्हा सांगितलं, पण तो काही कलम ऐकणाऱ्यातला नाही. आजीने मात्र एकाच वाक्यात विषय संपवला, "भिंत रंगवशील रे, पण खालच्या काकूंच्या छताला डाग आहे तो कोण रंगवणार? नवीन माणसांना त्या पहिल्याच दिवशी सांगणार."

पुढच्या रविवारी एक नवरा-बायको आले. आजीने बसा म्हणायच्या आधी सांगितलं, "बाथरूम गळतंय, आधी ते बघा, मग चहा घ्या." ते बघतच राहिले. चार दिवसांनी ते एका इंजिनियरला घेऊन आले. त्यांनी प्रत्येक खोलीत शिरताना "येऊ का?" विचारलं, तांब्याभर पाणी ओतलं, वहीत लिहिलं आणि तिथे काहीही न बोलता गेले. मग खर्चाचा अंदाज आला. जुन्या टाइल्स फोडायच्या, वॉटरप्रूफिंग, ब्रिकबॅट कोबा, नव्या टाइल्स, सगळे मिळून ८५ हजार. तेवढे किमतीतून कमी केले. मामा अजून मधूनमधून त्यावर बोलतो. पण सौदा झाला, आणि नंतर एकदाही भांडणाचा फोन आला नाही.

किल्ली देताना आजीने त्यांना एक वहीचा कागद दिला. कुठला व्हॉल्व्ह कुठलं पाणी बंद करतो, कुठल्या खिडकीतून पाऊस आत येतो, प्लंबरचा नंबर, सगळं तिच्या अक्षरात. मी तीन वर्षांत एवढा चांगला इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचलेला नाही.

राहता राहिलं एकच. कोथरूडच्या त्या काकूंना मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. पत्ता आठवतोय. परीक्षा संपली की जाणार आहे, आणि या वेळी नाणं घरी ठेवून.