बोटीचा रंग सगळ्यात शेवटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घुग्घुसमध्ये बसून मोटारबोटीबद्दल बोलायचं म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना आणि मे महिन्यातलं ऊन, ही आमच्या गावाची ओळख. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण गावाजवळून वर्धा नदी वाहते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका लागतो. जवळच वढ्याला पैनगंगा वर्धेला मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. दीडशे वर्षांपूर्वी याच पाण्यावरून आगबोटी चालवून इकडचा कापूस थेट समुद्रापर्यंत न्यायचा इंग्रजांचा बेत होता. वाटेत दुम्मागुडम, एंचमपल्ली आणि देवलमरी असे तीन खडकाळ अडथळे. ते ओलांडण्यासाठी कामंही सुरू झाली. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये हा नदीमार्गाचा बेत सोडून देण्यात आला. तेव्हा आमच्याकडे बोटीची गोष्ट अगदीच परकी नाही.

मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. निवृत्तीनंतर एका ओळखीच्या मुलाने मला त्याच्या वडिलांची बोट दाखवली. वडिलांनी तलावातल्या मासेमारीसाठी ती जुनीच विकत आणली होती. सोळा फूट लांब, सागवानी फळ्यांची, मध्ये इंजिन. वडील गेले आणि बोट गळक्या टिनाखाली पडून राहिली. मुलगा म्हणाला, ‘‘काका, भंगारात देऊ का?’’ २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये वर्धेला आलेले पूर आम्ही दोघांनीही पाहिले होते. रस्ते बंद, शेतं पाण्याखाली. अशा वेळी गावात एक धड बोट असली तर बरं, असं वाटलं आणि मी हो म्हणालो. इंजिनाची मला भीती नव्हती, ते आयुष्यभर केलेलं काम. चुकलो ते लाकडात.

ती चूक आधी सांगतो, कारण या भाषणाचा सगळा मुद्दा तिच्यात आहे. काम सुरू केलं ते भर मे महिन्यात. फळ्यांमधल्या सांध्यांत दोन-दोन, तीन-तीन मिलिमीटरच्या फटी पडल्या होत्या. मी त्या दगडासारखी घट्ट होणारी पुटी भरून बुजवल्या, घासून सपाट केल्या, वर झकास निळा रंग दिला. बोट नव्यासारखी दिसू लागली. लोक फोटो काढून गेले. जुलैत आम्ही ती तलावात सोडली. दुसऱ्या दिवशी चौघेजण बसून निघालो आणि थोडं अंतर गेल्यावर आतून ‘कट्ट’ असा आवाज आला. दोन बरगड्या तडकल्या होत्या, तळाजवळची एक फळी स्क्रूसकट उचकटली होती आणि पाणी भसाभस आत येत होतं. कंबरभर पाणी होतं म्हणून चालत काठाला आलो. नदीच्या धारेत असतो तर आज हे सांगायला मी नसतो.

काठावर एक म्हातारे ढिवर बाबा जाळं आवरत बसले होते. त्यांनी बोटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘भाऊ, लाकूड तहानलेलं होतं. तुम्ही त्याचं तोंडच बांधून टाकलं.’’

त्यांनी एका वाक्यात सांगितलं त्यामागचं शास्त्र असं. लाकूड हवेतली आणि पाण्यातली ओल शोषतं आणि सोडतं. ओल गेली की ते रुंदीत आकसतं, ओल आली की फुगतं. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. साग हे या बाबतीत सर्वांत शहाण्या लाकडांपैकी एक, तरीही आमच्या उन्हाळ्यात वाळलेली चार इंची फळी पाण्यात गेली की एक-दोन मिलिमीटर फुगतेच. एका बाजूला अशा दहा फळ्या धरा, म्हणजे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची वाढ झाली. जुन्या पद्धतीच्या बोटीत या फुगण्यासाठीच सांधे ठेवलेले असतात. फळ्या फुगतात, एकमेकींना दाबतात आणि बोट आपोआप पाणीबंद होते. मी त्या जागेत न दबणारा दगड भरला होता. फुगलेल्या फळ्यांना जायला जागा राहिली नाही. मग त्यांनी बरगड्या तोडल्या.

ही बोट पुन्हा करायला घेतली तेव्हा आम्ही पावसाळा जाऊ दिला आणि क्रम बदलला. तो क्रम आता सांगतो. जुनी लाकडी बोट कोणाकडे असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, बोट नीट टेकवा. दोन टोकांना दोन दगड ठेवून वर्षानुवर्षं ठेवलेली बोट मधोमध वाकते, आणि एकदा बाक गेला की रंगरंगोटीने तो परत येत नाही. तळाच्या लांब वाशाखाली ठिकठिकाणी ओंडके द्या, दोन्ही कुशींना टेकू द्या. बोट सावलीत ठेवा आणि वारा खेळू द्या.

दुसरी गोष्ट, जुना रंग उतरवणं. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दहा लाखांत नव्वद भागांची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि अंमल सुरू झाला २०१७ मध्ये. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, जाळूही नका. पाणी लावून घासा, तोंडाला चांगला मास्क बांधा, पोरांना लांब ठेवा आणि खरवडलेला चुरा गोळा करून घ्या. नदीत ढकलू नका. त्याच पाण्यात आपली गुरं पितात.

तिसरी गोष्ट, लाकडाची तपासणी. पेचकसाच्या मुठीने फळीवर टकटक करत जा. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. शंका आली तिथे दाभण टोचून पाहा. आता एक गंमत सांगतो. लोकांना वाटतं, बोट कुजते ती पाण्याखालच्या भागात. तसं नसतं. कुज म्हणजे बुरशी. तिला ओलही लागते आणि हवाही. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली असली तर बुरशी वाढत नाही, आणि लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेलं असलं तर तिला हवा मिळत नाही. खरी कुज धरते ती वरून पावसाचं पाणी झिरपून साचतं तिथे, म्हणजे आतल्या कोपऱ्यांत, बरगडी आणि फळी यांच्या मध्ये, मागच्या फळीच्या वरच्या कडेला. आमच्या बोटीचं नुकसान तलावाने केलं नव्हतं, गळक्या टिनाने केलं होतं. लाकडी वस्तूवर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवणारेही हीच चूक करतात. कोकणात पावसाळ्याआधी होड्या शाकारतात, पण वारा फिरायला जागा ठेवून. हे शिकण्यासारखं आहे.

चौथी गोष्ट, किती बदलायचं. कुजलेली जागा दिसली की अख्खी फळी फेकायचा मोह होतो. तो आवरा. खराब भाग कापून तिथे तिरप्या सांध्याने नवा तुकडा जोडता येतो. तिरपेपणा लाकडाच्या जाडीच्या निदान आठपट हवा, बारापट असेल तर उत्तम. साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसला नाही तर सांधा सुटतो. लोखंडी खिळ्यांभोवती लाकूड काळं पडून मऊ झालेलं असतं. ते खिळे काढून तांब्याचे घाला. पितळी स्क्रूचं डोकं लालसर आणि ठिसूळ दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलं असं समजा आणि तोही बदला.

लाकूडही तसंच हवं. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग देशभर नावाजलेला. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून साग गेला, हे आपल्याला ठाऊक आहेच. डेपोतून घ्या, पावती आणि वाहतुकीचा पास जपून ठेवा. पांढरट कडेचं लाकूड घेऊ नका, टिकतो तो आतला गाभा.

सागाचा गाभा किती टिकतो याचा दाखला मुंबईचाच आहे. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजी यांनी ब्रिटिश आरमारासाठी ‘ट्रिंकोमाली’ नावाचं लढाऊ जहाज मलबारी सागात बांधलं. युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओक लाकडाचा तुटवडा होता, म्हणून काम मुंबईला आलं. पुढे ते कितीतरी वर्षं मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी वापरलं गेलं आणि अखेर जीर्ण झालं. इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे १९९० मध्ये त्याची दुरुस्ती सुरू झाली, ती २००१ मध्ये संपली. दहा-अकरा वर्षं! पण त्या जहाजाच्या अंगात आजही मोठ्या प्रमाणात मूळचा साग आहे. कारागिरांनी निकामी झालं तेवढंच बदललं. आमची सोळा फुटी बोट त्यापुढे काहीच नाही, पण नियम दोघींनाही एकच.

पाचवी गोष्ट, सांधे. बाबांना आम्ही घरी बोलावलं. त्यांनी सांगितलं तसं कापसाची सैलसर वात वळून ती बोथट पटाशीने सांध्यात हलकेच बसवली. ठासून नाही, कारण फळी फुगल्यावर कापूस दबायला हवा. वरून कायम मऊ राहणारी पुटी, तीही पृष्ठभागाच्या किंचित आत. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात आणि ही पुटी बाहेर येऊन बरोबर होते. अनेकजण विचारतात, वरून फायबरचं आवरण चढवलं तर? जुन्या फळ्यांच्या बोटीवर नको. आत लाकूड हलतच राहतं, आवरण सुटतं, मध्ये ओल कोंडते आणि बोट बाहेरून चकचकीत राहून आतून भुसा होते.

सहावी गोष्ट, बोटीला पाणी पाजणं. सोडण्याआधी आठवडाभर आम्ही बोटीच्या आत भिजवलेली पोती अंथरली आणि ती सकाळ-संध्याकाळ ओली केली. बोट पाण्याने भरायची नाही. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन होतं, जमिनीवर असलेली बोट तेवढ्याने फुटेल. मग काठाशी गुडघाभर पाण्यात ती दोराने बांधून ठेवली, आत कोणी बसायचं नाही. पहिल्या रात्री चार बादल्या पाणी आलं. मुलाचा चेहरा पडला. बाबा म्हणाले, ‘‘पिऊ दे तिले.’’ दुसऱ्या रात्री एक बादली. तिसऱ्या सकाळी तांब्याभर. त्यानंतर फडक्याने पुसण्याइतकंच.

आणि आता शेवटी रंग. खरं तर पाण्यात सोडण्याआधी अस्तर आणि रंग होतोच, पण महत्त्वाच्या क्रमाने तो शेवटचा. पाण्याखालच्या भागाला रंग, वरच्या सागाला पारदर्शक व्हार्निश, अशी जुनी रीत. लोखंडाचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने जातात. ते विषारी असतं, हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. व्हार्निशचा पहिला हात टर्पेंटाइन घालून निम्मा पातळ करायचा, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढचे हात हळूहळू दाट करत न्यायचे. सहा ते आठ हात लागतात, आणि प्रत्येक दोन हातांमध्ये बारीक पॉलिशपेपर. आमच्याकडे मोठा शत्रू कोळशाची धूळ. शेडच्या फटी बंद केल्या, जमिनीवर पाणी शिंपडलं आणि दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत काम उरकलं. हिवाळ्याचे दिवस त्यासाठी बरे. मे महिन्यात व्हार्निश ब्रशवरच सुकतं.

व्हार्निश शोभेसाठी असतं असं पूर्वी मलाही वाटायचं. ते लाकडावर धरलेली छत्री आहे. ऊन त्याला रोज खातं. चमक गेली की वर्षातून एखाद-दुसरा हात द्या. तो आळस केला तर व्हार्निशला भेगा पडतात, त्यातून पाणी शिरतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायका बुडाल्या. नदी कामाला निघालेल्या माणसालाही सोडत नाही, मग हौशीला कशी सोडेल? बोट कितीही छान झाली तरी प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट हवं. इंजिनाच्या बोटीची तपासणी आणि नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात सांगितली आहे, ती करून घ्या. माझ्या पहिल्या निळ्या बोटीचे फोटो अजून लोकांच्या मोबाइलमध्ये असतील. ती सुंदर दिसत होती, आणि चार माणसं घेऊन बुडायला निघाली होती.

आता ती बोट तलावावर असते. मुलगा दर हिवाळ्यात शेडमध्ये आणतो, टकटक करून तपासतो आणि व्हार्निशचा एक हात देतो. उन्हाळ्यात तिच्या आत ओली पोती असतात. मी गेलो की तो विचारतो, ‘‘काका, रंग कसा दिसतो?’’ मी आधी वाकून आत किती पाणी आहे ते बघतो.