पाच बादल्या, पण विहीर एकच

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने तीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "शेअर घ्यायचेत." शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पोरांच्या फीसाठी आम्ही कर्ज दिलंय. शेअरसाठी कुणी पहिल्यांदाच मागत होतं. हो म्हणावं की नाही, तेच कळेना. मग आम्ही आधी समजून घ्यायचं ठरवलं. जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

शेअर म्हणजे कंपनीतला छोटासा वाटा. कंपनीला नफा झाला तर वाट्याची किंमत वाढू शकते आणि कधी लाभांशही मिळतो. तोटा झाला तर किंमत पडते. बँकेतल्या ठेवीसारखी इथे परताव्याची हमी नाही. कुणी हमी देत असेल तर तो खोटं बोलतोय, असं खुशाल समजा.

ताईने याआधी स्वतःच्या शिवणकामाचे वीस हजार घातले होते. पुण्याला असलेल्या पुतण्याने पाच कंपन्या सांगितल्या होत्या. ती म्हणाली, "मी काही सगळे पैसे एका जागी ठेवले नाहीत, पाच ठिकाणी वाटलेत." आम्ही नावं वाचली. दोन बँका, एक घरकर्ज देणारी, एक सोनेतारण कर्ज देणारी आणि एक विमा कंपनी. पाचही पैशाच्याच धंद्यातल्या. त्या धंद्याला वाईट दिवस आले तेव्हा पाचांचे भाव बरोबरच खाली आले. गटातली एक आजी म्हणाली, "अगं, बादल्या पाच, पण विहीर एकच." विहीर आटली की पाचही बादल्या रिकाम्या.

या विहिरींना बाजारात 'क्षेत्र' किंवा 'सेक्टर' म्हणतात. बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या हे एक क्षेत्र. औषधं दुसरं, संगणकाची कामं करणाऱ्या आयटी कंपन्या तिसरं, साबण-तेल-बिस्किटं अशा रोजच्या वस्तू चौथं, वाहनं पाचवं, वीज आणि इंधन सहावं. प्रत्येकाचं दुखणं वेगळं. रिझर्व्ह बँकेने व्याजदर वाढवले की कर्जं महागतात, मग घरं आणि गाड्यांची विक्री मंदावू शकते. आयटी कंपन्यांची बरीच कमाई परदेशातून येते, म्हणून अमेरिकेत खर्चाला कात्री लागली की त्यांना झळ बसते. औषध मात्र माणूस पाऊस पडो न पडो घेतोच.

आता आपल्या बायांसाठी यातली खास गोष्ट. आपलं घर आधीच एका विहिरीवर आहे, ती म्हणजे पाऊस. दुष्काळ पडला की शेत जातं, मजुरी जाते. त्याच वर्षी ट्रॅक्टर, खतं आणि बियाणं विकणाऱ्या कंपन्यांचा धंदाही बसू शकतो. या कंपन्या आपल्या ओळखीच्या, म्हणून आपलं मन तिकडे ओढतं. पण सगळा पैसा त्यांच्यातच घातला, तर घरात पैशाची गरज असते नेमक्या त्याच वर्षी शेअरचा भावही पडलेला असेल. म्हणून पावसावर न चालणाऱ्या क्षेत्रांत थोडा वाटा असलेला बरा.

हिशेब करून बघू. पन्नास हजार रुपये एकाच क्षेत्रात घातले आणि ते क्षेत्र निम्म्यावर आलं, तर पंचवीस हजार गेले. तेच चार क्षेत्रांत साडेबारा-साडेबारा हजार घातले आणि एक क्षेत्र निम्म्यावर आलं, तर सव्वासहा हजार गेले. आणखी एक लक्षात ठेवा. दहा हजारांचे पाच हजार व्हायला निम्मी घट पुरते, पण पाचाचे परत दहा व्हायला पैसा दुप्पट व्हावा लागतो. पडणं सोपं, चढणं अवघड.

क्षेत्र ठरलं की कंपनी कशी निवडायची? गाय घेताना आपण शिंगांचा रंग बघत नाही. दूध, वेत आणि दात बघतो. तसंच इथेही चार प्रश्न विचारायचे. पहिला, कंपनी काय विकते आणि कोण घेतं, हे आपल्याला दोन वाक्यांत सांगता येतं का? दुसरा, गेल्या पाच वर्षांत नफा होत आलाय का? एका चांगल्या वर्षावर भुलायचं नाही. तिसरा, डोक्यावर कर्ज किती, आणि मालकांनी स्वतःचे शेअर तारण ठेवलेत का? चौथा, भाव वाजवी आहे का? शेअर ५०० रुपयांना आणि वर्षाला एका शेअरमागे नफा २० रुपये, तर भाव नफ्याच्या २५ पट झाला. हा आकडा त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपन्यांशी ताडून बघायचा. दहा रुपयांचा शेअर स्वस्त आणि दोन हजारांचा महाग, असं नसतं.

एवढं बघूनही फसगत होऊ शकते. सत्यम ही आयटीतली नावाजलेली कंपनी होती. जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि भाव एका दिवसात पाऊण हिश्शाहून जास्त कोसळला. म्हणून कितीही आवडली तरी एका कंपनीत फार पैसा नको.

कधी कधी सगळ्याच विहिरी आटतात. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या घरात होता. करोना आला आणि २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. नोव्हेंबरमध्ये परत ४२ हजारांवर गेला. ज्यांना मार्चमध्ये दवाखान्यासाठी शेअर विकावे लागले, त्यांचं नुकसान कायमचं झालं. ज्यांना थांबता आलं, त्यांच्यातले बरेच सावरले. म्हणून आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा पोस्टात ठेवायचा. पाच-सात वर्षं लागणार नाही, तेवढाच पैसा शेअरमध्ये.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर म्हणा, वाटे तपासायचे. चार सारख्या वाट्यांतला एक फुगून निम्म्यावर आला असेल, तर नवी बचत बाकीच्या तिघांत घालायची.

एवढं बघायला वेळ नसेल तर इंडेक्स फंड आहे. निफ्टीच्या फंडात पन्नास मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा वाटा मिळतो. बऱ्याच योजना महिन्याला ५०० रुपयांपासून घेतात. त्यातही साधारण एक तृतीयांश वाटा बँका आणि वित्त कंपन्यांचा असतो, हे माहीत असू द्या.

आता सावधगिरी. डिमॅट खातं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाईल नंबरवर काढा आणि वारस नोंदवा. ओटीपी पुतण्यालासुद्धा द्यायचा नाही. व्हॉट्सॲपवरच्या टिपा ऐकायच्या नाहीत. 'फ्युचर्स-ऑप्शन्स'च्या वाटेला जायचं नाही. सेबीच्या पाहणीत २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला. शंका असेल तर सेबीचा मोफत क्रमांक १८०० २२ ७५७५, आणि ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

मग ताईच्या कर्जाचं काय केलं? आम्ही नाही म्हटलं. आमच्या गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन. तीस हजारांवर पहिल्याच महिन्यात सहाशे रुपये. व्याज ठरलेलं आणि शेअरची कमाई बेभरवशाची. हप्ता थकला असता तर पैसा बुडाला असता सगळ्यांचा. ताई दोन बैठका रुसली. तिसऱ्या बैठकीला वही घेऊन आली. जुन्या पाचांपुढे तिने क्षेत्रं लिहिली होती आणि खाली महिन्याचे पाचशे रुपये मांडले होते, स्वतःच्या कमाईचे, दुसऱ्या विहिरीसाठी.

तुमच्या गटात कुणी शेअर घेतले असतील, तर पुढच्या बैठकीत अशीच वही मांडा. कंपनीच्या नावापुढे क्षेत्र लिहा आणि विहिरी किती आहेत ते मोजा.