उघड्या पुस्तकाची परीक्षा

आमच्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आम्हांस भेटावयास आला. तो पुण्यास संगणकाच्या एका कंपनींत नोकरीस आहे. शाळेंत असतांना त्याचा पहिला नंबर सहसा चुकत नसे. बोलतां बोलतां तो मान खालीं घालून म्हणाला, "सर, मी एका परीक्षेंत नापास झालों, आणि लाज अशाची वाटते कीं, त्या परीक्षेंत पुस्तक उघडून पाहण्याची परवानगी होती." ही परीक्षा कोणती, आणि पुस्तक समोर असतांना हुशार मुलगा नापास कसा होतो, हें आम्हीं त्याजकडून सविस्तर समजून घेतलें व मागाहून स्वतःही वाचलें. त्यांत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडण्यासारखें पुष्कळ आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

परीक्षेचें नांव टोगाफ, आणि तिचा विषय 'एन्टरप्राइझ आर्किटेक्चर'. एन्टरप्राइझ म्हणजे कांहीं एका समान हेतूनें काम करणारी संस्था. मग ती बँक असो, सरकारी खातें असो किंवा शाळा असो. तिचें आर्किटेक्चर म्हणजे तिच्या भिंतींची रचना नव्हे. संस्थेचीं कामें, तिच्या नोंदी, तिचीं साधनें व यंत्रें यांचा परस्परांशीं मेळ आज कसा आहे व उद्यां कसा असावा, याचा विचारपूर्वक काढलेला नकाशा, तें हें आर्किटेक्चर होय.

एवढ्यानें बोध होणार नाहीं, म्हणून शाळेचेंच उदाहरण घेऊं. एका मुलाचें नांव शाळेंत किती ठिकाणीं लिहिलेलें असतें? जनरल रजिस्टरांत, हजेरीपटावर, फीच्या वहींत, वाचनालयाच्या खात्यांत व निकालपत्रकावर. आतां असें समजा कीं, या प्रत्येक कामासाठीं ज्यानें त्यानें आपल्या सोयीचा संगणक आणिला. मुलाच्या आडनांवांतील चूक एके ठिकाणीं सुधारली, इतर चार ठिकाणीं तशीच राहिली. शाळा सोडल्याचा दाखला देण्याची वेळ आली म्हणजे घोटाळा उघडकीस येतो. येथें कामचुकार कोणीच नव्हता. प्रत्येकानें आपलें काम चोख केलें होतें. सर्वांचें मिळून काम काय, हें पाहणारा मात्र कोणी नव्हता. शाळेंत अशा घोटाळ्यानें एका मुलाचा खोळंबा होतो. लाखों खातेदारांच्या बँकेंत त्यानें किती अनर्थ होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी. ही एकूण व्यवस्था पाहणारा जो मनुष्य, त्याची ही परीक्षा आहे.

हा विचार फार जुना नाहीं. १९८७ सालीं जॉन झॅकमन या गृहस्थानें आय. बी. एम. कंपनीच्या नियतकालिकांत एक लेख लिहून असें दाखविलें कीं, घराचा मालक, शिल्पज्ञ व बांधणारा यांचे नकाशे निरनिराळे, तरी एकाच घराचे असतात. संस्थेच्या माहितीव्यवस्थेचेंही तसेंच आहे. पुढें अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें तयार केलेल्या एका आराखड्याच्या आधारें १९९५ सालीं टोगाफ हा ग्रंथ प्रथम निघाला. हल्लीं 'द ओपन ग्रूप' ही संस्था तो सांभाळते. त्याची नववी आवृत्ति २००९ सालीं व दहावी २०२२ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या भारत सरकारनेंही सरकारी कामांसाठीं अशाच प्रकारचा आराखडा २०१८ सालीं पुढें मांडला. तेव्हां हा विषय परका म्हणून टाकून देण्यासारखा राहिलेला नाहीं.

टोगाफ संस्थेचे चार थर मानतो: कामकाज, माहिती, त्या माहितीवर काम करणाऱ्या संगणकाच्या आज्ञावली, आणि यंत्रसामग्री. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्यांत कामकाज आधीं व यंत्र शेवटीं येतें. सामान्य मनुष्य याच्या उलट करितो. तो आधीं यंत्र आणितो, आणि मग त्याला काम शोधीत बसतो.

या चार थरांचा विचार कोणत्या क्रमानें करावा, यासाठीं ग्रंथांत एक चक्र सांगितलें आहे. प्रथम पूर्वतयारी, म्हणजे हें काम कोणीं व कोणत्या नियमांनीं करावयाचें तें ठरविणें. मग ए पासून एच पर्यंत आठ पायऱ्या. पहिल्या पायरीवर काय साधावयाचें याचें चित्र सर्वांच्या संमतीनें ठरवावें. दुसरीवर कामकाज, तिसरीवर माहिती व आज्ञावली, चवथीवर यंत्रें, अशी आजची स्थिति व उद्यांची स्थिति मांडून दोहोंतील अंतर शोधावें. पांचवीवर तें अंतर भरून काढण्याचे उपाय, सहावीवर त्यांचा क्रम व खर्च. सातवीवर काम ठरल्याप्रमाणें होत आहे कीं नाहीं याची देखरेख. आणि आठवीवर काळाप्रमाणें होणाऱ्या बदलांची दखल. चक्राच्या मध्यभागीं लोकांच्या गरजा असतात. प्रत्येक पायरीवरून त्यांच्याकडे वळून पाहावें लागतें. आठवी पायरी झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. तेथून पुन्हां पहिलीकडे जावें लागतें.

आतां परीक्षा. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागांत ४० प्रश्न व ६० मिनिटें, पुस्तक बंद. प्रत्येक प्रश्नाचीं उत्तरें दिलेलीं असतात, त्यांतून बरोबर तें निवडावयाचें. २४ बरोबर आलीं म्हणजे उत्तीर्ण. आमचा विद्यार्थी येथें सहज पार पडला. दुसऱ्या भागांत प्रश्न अवघे आठ, वेळ ९० मिनिटें, आणि ग्रंथ उघडून पाहण्याची मोकळीक. प्रत्येक प्रश्नांत एखाद्या संस्थेची हकीकत दिलेली असते, व तिच्याखालीं चार उत्तरें. सर्वोत्तम उत्तरास ५ गुण, त्याखालच्यास ३, त्याहून कमी प्रतीच्यास १, आणि चुकीच्यास शून्य. येथेंही ४० पैकीं २४ गुण लागतात.

नमुन्यासाठीं आम्हींच एक प्रश्न रचिला आहे. शाळेंत सर्व नोंदी एकत्र करावयाच्या आहेत. कारकुनांस नोकरी जाण्याची भीति वाटते, पालकांस माहिती बाहेर फुटण्याची. तुम्ही आरंभीं काय कराल? (अ) कोणास कोणती काळजी आहे याची यादी करून, तिला धरून साध्याचें चित्र ठरवून सर्वांची संमति घेऊं. (आ) मुख्याध्यापकांची संमति घेऊन चित्र ठरवूं, व इतरांस मागाहून कळवूं. (इ) सर्व वह्यांतील नोंदी तपासावयास लागूं. (ई) चांगले संगणक विकत घेऊं. यांत शेवटचें उत्तर चूक आहे. तिसऱ्यांतील काम करावेंच लागतें, पण तें पुढच्या पायरीचें. दुसरें बरें, परंतु अपुरें, पहिलें उत्तम. खऱ्या परीक्षेंत हीं उत्तरें लांबलचक व एकमेकांसारखीं दिसणारीं असतात. 'पहिली पायरी' हे शब्द पुस्तकांत सांपडतील. भ्यालेल्या कारकुनाकडे आधीं पाहावें कीं वहीकडे, हें मात्र स्वतःसच ठरवावें लागतें.

आमचा विद्यार्थी येथेंच अडला. प्रत्येक प्रश्नास सुमारें अकरा मिनिटें मिळतात. तीं त्यानें पानें उलटण्यांत घालविलीं. हकीकतींतील शब्द तो पुस्तकांत हुडकीत होता, आणि हकीकतींतील माणसें त्यास दिसलींच नाहींत. हें ऐकून आम्हांस स्वतःचीच लाज वाटली. कारण ही सवय त्यास आम्हींच लाविली होती. निबंधसुद्धां आम्हीं पाठ करून घेतले. संभवनीय प्रश्नांच्या याद्या दिल्या. शाळेचा निकाल चांगला लागला, आणि आम्हीं समाधान मानिलें. त्याची किंमत त्या मुलानें पुढें कित्येक हजार रुपये फी भरून चुकविली.

नापास झाल्यावर कोणीं त्यास फुटलेल्या प्रश्नांचे संच विकत घेण्याचा सल्ला दिला. तें त्यानें केलें नाहीं, याचा आम्हांस पहिल्या नंबराहून अधिक आनंद वाटला. तसें करणें परीक्षेच्या नियमांविरुद्ध तर आहेच. शिवाय ज्याच्या नकाशावर इतरांचीं कामें उभीं राहावयाचीं, त्यानें आरंभच फसवणुकीनें करावा, यासारखी विसंगति नाहीं.

त्यानें दुसरी रीत धरिली. त्याचे वडील गांवच्या दूध सोसायटीचे चिटणीस आहेत. त्या सोसायटीवर त्यानें टोगाफचें संपूर्ण चक्र कागदावर चालवून पाहिलें: दूध मोजणारा, फॅटची नोंद करणारा, दहा दिवसांनीं पैसे घेणारी शेतकरीण, यांतील प्रत्येकाची काळजी काय? एकच नोंद किती वह्यांत होते? मग सरावाचे प्रश्न सोडवितांना तो प्रथम हकीकतींतील माणसें व पायरी ओळखी. नंतर चुकीचें उत्तर काढून टाकी. उरलेल्या तिहींचा क्रम लावी. पुस्तक उघडी तें केवळ खात्री करण्यासाठीं. कोणती गोष्ट ग्रंथांत कोठें आहे, हें त्यानें आधींच ध्यानांत ठेविलें होतें. एक साधा हिशेबही त्यास धीर देई: आठही प्रश्नांस दुसऱ्या प्रतीचें उत्तर आलें, तरी आठ त्रिक चोवीस! अगदीं अचूक उत्तराच्या मागें लागून वेळ दवडण्यापेक्षां आठही प्रश्नांस समंजस उत्तर देणें बरें.

पालकांस एवढेंच सांगावयाचें कीं, या प्रमाणपत्रानें नोकरी आपोआप मिळत नाहीं. कामाच्या अनुभवाची जागा तें घेत नाहीं. क्लास लावणेंही सक्तीचें नाहीं. स्वतः अभ्यास करून परीक्षेस बसतां येतें. मुलानें आज घरांतील, दुकानांतील अथवा शेतांतील एखादें काम आरंभापासून शेवटपर्यंत न्याहाळून त्याचा नकाशा कागदावर काढिला, तर त्या परीक्षेची तयारी येथूनच सुरू झाली असें समजावें. आम्हींही यंदा आमच्या वर्गांत महिन्यांतून एक चांचणी पुस्तक उघडें ठेवून घेण्याचें ठरविलें आहे. पहिल्या चांचणींत बहुतेक मुलांस नेहमींपेक्षां कमी गुण मिळाले. पालकांनीं त्याबद्दल रागावूं नये.

परवां त्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. तो दुसऱ्या भागांत उत्तीर्ण झाला. "कितवा आलास?" असें आम्हीं सवयीनें उलट विचारिलें. त्यानें लिहिलें, "सर, त्या परीक्षेंत नंबर नसतात."